कचऱ्यातून रस्ता

पालघर जिल्हा म्हणजे अरबी समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधला हिरवागार मुलूख. पश्चिमेला सागरकिनाऱ्याने सातपाटी, केळवे, चिंचणी, डहाणू अशी गावे वसली आहेत. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर उभे आहेत. आणि मधून वैतरणा व सूर्या ह्या नद्या वाहतात. पूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. ह्या जिल्ह्यात पश्चिम रेल्वेवर बोईसर नावाचे स्थानक लागते. त्याच्या आसपास तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत पसरली आहे. औषधे, रंग, रसायने, कापड, पोलाद असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो. जवळच तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. भारतातील ह्या पहिल्या अणुविद्युत केंद्राने १९६९ साली वीज देण्यास प्रारंभ केला.

जेथे कारखाने, तेथे मालमोटारी आल्याच. कच्चा माल घेऊन येणाऱ्या आणि पक्का माल घेऊन जाणाऱ्या अवजड गाड्यांची ये-जा बोईसरच्या रस्त्यांवर अहोरात्र चालू असते. त्यात येथील पाऊस कोकणातला. चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाणी आभाळातून कोसळते. मग वरून पाऊस आणि खालून चाके, अशा दुहेरी माऱ्यात सापडलेला डांबरी रस्ता उखडू लागतो. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे, हे वरून कळत नाही. रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी परतणाऱ्या कामगाराला किंवा दवाखान्याकडे निघालेल्या रुग्णाला असा एखादा खड्डा प्राणसंकट ठरू शकतो.

पावसाळ्यात दिसणारे दुसरे एक दृश्यही तुमच्या परिचयाचे असेल. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात. मोठ्या आशेने जाळे ओढावे, तो त्यात मासळीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टने आणि दोऱ्यांचे तुकडे यांचा गुंताही वर येतो. ओढ्यानाल्यांत टाकलेला कचरा नदीत जातो, नदीतून खाडीत जातो आणि खाडीतून समुद्रात जातो. समुद्र मात्र तो आपल्याजवळ ठेवून घेत नाही. भरतीच्या वेळी त्यातील पुष्कळसा आपल्याच किनाऱ्यावर आणून टाकतो.

उखडलेला रस्ता आणि साचलेले प्लॅस्टिक ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. परंतु काट्याने काटा काढावा, तसे ह्यांपैकी एका दुखण्याने दुसऱ्यावर उपाय करता येईल काय? एका रसायनशास्त्रज्ञाने हा प्रश्न स्वतःला विचारला. त्याला जे उत्तर सापडले, त्याचीच हकीगत ह्या पाठात सांगावयाची आहे.

प्रथम रस्ता का उखडतो ते पाहू. डांबरी रस्ता हा खडी आणि डांबर यांच्या मिश्रणाचा थर असतो. खडी भार सोसते आणि डांबर तिचे तुकडे एकमेकांस चिकटवून ठेवते. भिंतीत विटांमध्ये चुना किंवा सिमेंट जे काम करते, तेच काम येथे डांबराचे असते. आता गंमत अशी की, दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. वरच्या थराला बारीकशी भेग पडली की पाणी आत शिरते. ते हळूहळू खडी आणि डांबर यांच्या मध्ये सरकते आणि डांबराची पकड सोडविते. तेवढ्यात वरून जड गाडीचे चाक जाते. दाबामुळे आत कोंडलेले पाणी जोराने इकडेतिकडे पळते आणि उरलीसुरली पकडही सैल करते. मग एक खडा सुटतो, त्याच्या शेजारचा सुटतो आणि पाहता पाहता तेथे खड्डा तयार होतो. म्हणजे रस्त्याचा खरा वैरी चाकापेक्षाही पाणी हा होय.

आता प्लॅस्टिककडे वळू. संपूर्णपणे मानवनिर्मित असे पहिले प्लॅस्टिक १९०७ साली लिओ बेकलँड ह्या शास्त्रज्ञाने तयार केले. ज्याच्या पातळ पिशव्या बनतात, ते पॉलिथिलीन १९३३ साली इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत हाती लागले. हातात धरावयाच्या बंदांसह एकसंध अशी जी पिशवी आज सर्वत्र दिसते, तिचा नमुना स्वीडन देशात १९६५ च्या सुमारास पुढे आला. हे पदार्थ वजनाला हलके, किमतीला स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारे. ते कुजत नाहीत, गंजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही. त्यामुळे थोड्याच काळात त्यांनी घराघरांत प्रवेश केला.

परंतु ज्या गुणांमुळे प्लॅस्टिक लोकांना आवडले, तेच गुण पुढे दोष ठरले. केळीची साल उकिरड्यावर टाकली तर काही दिवसांत तिची माती होते. पिशवीची माती होत नाही. ती तशीच पडून राहते, गटारात अडकते, गाईगुरांच्या पोटात जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महापुराने शेकडो लोकांचे प्राण घेतले. त्या वेळी पाण्याचा निचरा अडण्यास जी अनेक कारणे झाली, त्यांत गटारे तुंबविणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हेही एक कारण होते. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने अतिशय पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मार्च २०१८ मध्ये ही बंदी अधिक व्यापक व कडक करण्यात आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकून देण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर संपूर्ण भारतात बंदी आली. तरीही आजवर साचलेल्या कचऱ्याचे काय करावे आणि खाद्यपदार्थांच्या ज्या वेष्टनांवर बंदी नाही त्यांचे काय करावे, हा प्रश्न उरतोच.

ह्या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहणारे गृहस्थ म्हणजे राजगोपालन वासुदेवन. तमिळनाडूतील मदुराई येथे त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. प्लॅस्टिक नष्ट कसे करावे, असा विचार सारेजण करीत होते. जी वस्तू नष्ट होत नाही, तिचा टिकाऊपणा उपयोगात का आणू नये, असा विचार वासुदेवन यांनी केला. डांबर हे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणाऱ्या भागातून मिळते. बहुतेक प्लॅस्टिकही खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासूनच तयार होते. अर्थात ही दोघे एकाच कुळातील भावंडे होत. त्यामुळे ती एकमेकांशी जुळवून घेतील, अशी त्यांना आशा वाटली.

पण दोन वस्तू एकत्र आणावयाच्या तर कोणत्या क्रमाने, ह्याला फार महत्त्व असते. दूध, साखर आणि चहाची पत्ती तीच असली तरी क्रम चुकला की चव बिघडते, हे तुमच्या आईला विचारा. प्लॅस्टिक डांबरात मिसळून ती लगदी खडीवर ओतावी, असा एक मार्ग होता. वासुदेवन यांनी दुसरा मार्ग निवडला. त्यांनी प्लॅस्टिक आधी तापलेल्या खडीवर टाकले. ते वितळून प्रत्येक खड्याभोवती पातळ अस्तरासारखे बसले. त्यानंतर त्यांनी त्यात डांबर मिसळले. दगडावर प्लॅस्टिकचे अस्तर बसल्याने पाण्याला आत शिरण्यास वाव उरला नाही, आणि आपल्या भावंडाला डांबर घट्ट बिलगून राहिले. दगडाची पाण्याकडे असलेली जी ओढ रस्त्याचा नाश करीत होती, तिलाच अशा रीतीने पायबंद बसला.

२००२ साली त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या आवारातच असा रस्ता करून पाहिला. नंतर तमिळनाडूत ठिकठिकाणी असे रस्ते झाले. काही वर्षे वापरात असलेल्या रस्त्यांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाहणी करविली आणि तिचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध केला. पाहिलेले रस्ते सुस्थितीत आढळले. २०१३ साली इंडियन रोड्स काँग्रेस ह्या रस्तेबांधणीचे नियम ठरविणाऱ्या संस्थेने ह्या पद्धतीसाठी मार्गदर्शक नियम घालून दिले. २०१५ साली केंद्र शासनाने मोठ्या शहरांच्या आसपासच्या डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिक वापरावे, असा आदेश काढला. वासुदेवन यांना २०१८ साली ‘पद्मश्री’ हा सन्मान मिळाला. आपल्या शोधातून त्यांना धन मिळविता आले असते. पण त्यांनी तो देशाच्या कामी विनामूल्य देऊ केला.

हा रस्ता प्रत्यक्ष कसा तयार करतात तेही समजून घेऊ. गोळा केलेले प्लॅस्टिक प्रथम निवडतात, धुतात आणि वाळवितात. मग यंत्राने त्याचे दोन ते चार मिलिमीटर आकाराचे बारीक तुकडे करतात. खडी व डांबर मिसळण्याच्या कारखान्यात खडी सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तीवर हे तुकडे सोडले की अर्ध्याएक मिनिटात ते वितळतात आणि खडीवर तकाकी येते. एवढ्या उष्णतेने हे प्लॅस्टिक वितळते, परंतु जळत नाही. नंतर त्यात तापलेले डांबर मिसळतात आणि ते मिश्रण गरम असतानाच रस्त्यावर पसरून त्यावर रोलर फिरवितात. प्लॅस्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या साधारण सहा ते दहा टक्के ठेवतात. त्यासाठी रस्त्यावर निराळी यंत्रसामग्री लागत नाही, ही ह्या पद्धतीची मोठी सोय होय.

पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला सुमारे दहा टन डांबर लागते. त्याऐवजी नऊ टन डांबर आणि एक टन टाकाऊ प्लॅस्टिक वापरता येते. म्हणजे डांबर वाचते आणि एक टन कचराही मार्गी लागतो. एक पातळ पिशवी चार ग्रॅमची धरली, तर एका टनात अडीच लाख पिशव्या बसतात. बोईसरच्या आसपासचा केवळ दहा किलोमीटरचा रस्ता अशा रीतीने करावयाचा ठरविला, तरी पंचवीस लाख पिशव्यांना गटाराऐवजी रस्त्यात जागा मिळेल. ही पद्धत कोकणच्या पावसात वापरून झालेली आहे. रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथे रिलायन्सच्या कारखान्याच्या आवारात सुमारे ५० टन टाकाऊ प्लॅस्टिक वापरून जवळजवळ ४० किलोमीटर लांबीचे रस्ते तयार केल्याचे २०२० साली जाहीर झाले. नागोठण्याचा पाऊस काही पालघरच्या पावसाहून सौम्य नाही.

येथवर वाचून तुम्ही म्हणाल, ‘मग सारेच प्लॅस्टिक रस्त्यात का घालू नये?’ ह्याचे उत्तर नीट ध्यानात ठेवा. प्लॅस्टिक हे एकाच पदार्थाचे नाव नसून तो एक मोठा परिवार आहे. पिशव्या, दुधाच्या थैल्या, बिस्किटांची वेष्टने ही रस्त्याला चालतात. पीव्हीसी नावाचे प्लॅस्टिक मात्र मुळीच चालत नाही. पाण्याचे नळ, विजेच्या तारांवरील आवरणे, काही फलक ह्यांत ते असते. ते तापविले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड नावाचा विषारी वायू निघतो. भट्टीजवळ काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात तो जाऊ द्यावयाचा काय? म्हणून निवड करताना डोळ्यांत तेल घालावे लागते. शिवाय उष्ट्या अन्नाने, चिखलाने माखलेले प्लॅस्टिक धुवावयाचे तर पाणी, वेळ आणि पैसा हे तिन्ही खर्ची पडतात. असा कचरा मग कोणी निवडीत नाही. तो सरळ कचराभूमीवर जातो.

ही निवड कोण करते, ह्याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? आपल्याकडे हे काम बहुधा कचरावेचक करतात, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. पहाटे पाठीवर पोते टाकून त्या निघतात. कागद, काच, पत्रा, जाड बाटल्या ह्यांना भंगाराच्या दुकानात भाव मिळतो. पातळ पिशवीला आणि चकचकीत वेष्टनाला भाव नसतो. म्हणून ती दिसली तरी त्या उचलीत नाहीत. उचलून पोट भरावयाचे कसे? पुण्यात ह्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली आणि आपल्या कामाला मान मिळविला. रस्त्यासाठी पिशव्यांना मागणी आली आणि त्यांना रास्त भाव मिळू लागला, तर ज्या पिशवीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ती वेचण्यातही चार पैसे मिळतील. कचऱ्याला किंमत आली की तो वाटेवर पडून राहत नाही.

ह्या पद्धतीच्या मर्यादाही आपण जाणून घेतल्या पाहिजेत. कारण अर्धे सत्य हे पुष्कळदा असत्याइतकेच घातक असते. रस्त्याखालचा पाया कच्चा असेल किंवा रस्त्याच्या कडेला पाणी वाहून जाण्यास गटार नसेल, तर प्लॅस्टिकचे अस्तर तो रस्ता वाचवू शकणार नाही. चाकांच्या घर्षणाने रस्ता थोडाथोडा झिजतो. त्या धुळीबरोबर प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण किती सुटतात, ह्याचा शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत. ज्या बाटलीपासून पुन्हा नवी वस्तू करता येते, ती रस्त्यात पुरण्यातही शहाणपण नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, रस्त्यात जागा आहे म्हणून प्लॅस्टिक अधिक वापरावे, असा अर्थ कोणी काढू नये. घरात वैद्य आहे म्हणून कोणी मुद्दाम अपथ्य करीत नाही. कापडी पिशवी घेऊन बाजारास जाणे हे पथ्य होय. प्लॅस्टिकचा रस्ता हे औषध होय. पथ्य पाळले तरच औषध लागू पडते.

काही लोक प्लॅस्टिकचा कचरा घरामागे पेटवून देतात आणि कचरा संपला असे समजतात. तो संपत नाही; तो धुराच्या रूपाने आपल्या आणि शेजाऱ्यांच्या श्वासात शिरतो. त्यापेक्षा तो कोरडा, स्वच्छ आणि वेगळा ठेवून घंटागाडीत देणे कितीतरी सोपे आहे.

रस्ता बांधण्याचे काम ठेकेदाराच्या यंत्रापासून सुरू होते, असे आपल्याला वाटते. प्लॅस्टिकच्या रस्त्याचे काम मात्र आपल्या स्वयंपाकघरातील डब्यापासून सुरू होते. दुधाची रिकामी थैली विसळून, वाळवून कोरड्या कचऱ्यात ठेवली, तर ती उपयोगी वस्तू ठरते. तीच थैली उष्ट्या भातात टाकली, तर तिची घाण होते. थैली तीच, प्लॅस्टिक तेच. फरक पडतो तो हाताला लागलेल्या वळणाने. मदुराईच्या प्राध्यापकाने वाट शोधून दिली, अभियंत्यांनी नियम ठरवून दिले, यंत्रेही तयार आहेत. बोईसरच्या कारखान्यांकडे जाणारा कामगार आणि सातपाटीच्या बंदरात परतणारा कोळी ह्या दोघांचेही हित ज्यात आहे, असे हे काम आहे. त्यातील आपल्या वाट्याचे काम लहान आहे. पण ते आपल्याशिवाय दुसरे कोणी करू शकणार नाही.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. अहोरात्र – रात्रंदिवस. वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण. अस्तर – आतल्या किंवा खालच्या बाजूचा पातळ थर. पायबंद – अडथळा, आळा. अपथ्य – प्रकृतीस न मानवणारे खाणे वा वागणे. रास्त – योग्य.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे द्या.
(अ) ‘रस्त्याचा खरा वैरी चाकापेक्षाही पाणी हा होय’ असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) डांबर आणि प्लॅस्टिक ह्यांना ‘एकाच कुळातील भावंडे’ म्हणण्याचे कारण कोणते?
(इ) पीव्हीसी रस्त्यासाठी का वापरीत नाहीत?

२. सविस्तर उत्तर लिहा.
‘ज्या गुणांमुळे प्लॅस्टिक लोकांना आवडले, तेच गुण पुढे दोष ठरले, आणि त्याच दोषांचा वासुदेवन यांनी पुन्हा गुण केला.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
डोळ्यांत तेल घालणे; ढुंकून न पाहणे; दाद न देणे; मार्गी लागणे.

४. पाठातील पथ्य आणि औषध ह्यांचा दृष्टान्त आपल्या शब्दांत समजावून सांगा. असाच दुसरा एखादा दृष्टान्त तयार करा.

५. उपक्रम : आठ दिवस आपल्या घरातील स्वच्छ व कोरड्या पिशव्या आणि वेष्टने वेगळी ठेवा. वर्गातील सर्वांनी ती एकत्र करून तराजूत तोला. एक किलोमीटर रस्त्यासाठी लागणारे एक टन प्लॅस्टिक तुमच्या वर्गाला किती आठवड्यांत जमविता येईल, त्याचे गणित मांडा. पुढच्या महिन्यात हे वजन कमी कसे करता येईल, ह्यावर वर्गात चर्चा करा.